बालकांचे अक्षर आणि त्याचे वळण

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा मोठा विषय घेण्याऐवजी अगदी लहान विषय घ्यावा असे आम्ही ठरविले. न्यासाच्या वतीने दरवर्षी शाळा उघडण्याच्या सुमारास गरजू मुलांना वह्या व पेन्सिली वाटल्या जातात. त्या वहीच्या पहिल्या पानावर सहा वर्षांचे मूल जे अक्षर काढते, ते त्याला कसे शिकवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विषय लहान असला तरी त्याचा परिणाम लहान नाही. तिसरी-चौथीच्या वर्गात फळ्यावरचे उतरून घेताना जे मूल सदा मागे राहते, ते बहुधा मंदबुद्धी नसते. त्याचा हात मंद असतो. उत्तर त्याला ठाऊक असते, परंतु ते कागदावर उतरेपर्यंत फळा पुसला जातो. पुढे परीक्षेत तेच होते. अर्धी उत्तरपत्रिका कोरी राहते आणि मुलाने अभ्यास केला नाही असा शेरा बसतो. ज्या घरी आईवडील शिकलेले आहेत तेथे संध्याकाळी कोणीतरी मुलाचा हात धरून ग काढवून घेते. परंतु शहापूर-वडगावच्या मागावर ज्यांचा दिवस जातो, किंवा ज्या आईला पहाटेच कामावर जावे लागते, त्यांच्या मुलाला अक्षर शाळेतच मिळावयाचे. तेथे न मिळाल्यास ते कोठेच मिळत नाही. म्हणून हा प्रश्न सौंदर्याचा नसून न्यायाचा आहे, असे आम्ही समजतो.

अक्षर ही देणगी नव्हे

‘अमक्याचे अक्षर मुळातच मोत्यासारखे’ किंवा ‘याच्या अक्षराला काही उपाय नाही, कोंबडीचे पायच ते’ अशी वाक्ये पालकांच्या तोंडी नेहमी येतात. या समजुतीमुळे शिकविणाराही हात झटकून मोकळा होतो. वास्तविक अक्षर म्हणजे हाताला लागलेली हालचालीची सवय होय. मराठीत आपण ‘अक्षराचे वळण’ म्हणतो आणि ‘मुलाला वळण लावणे’ असेही म्हणतो. दोन्हीकडे एकच शब्द यावा हे योग्यच आहे, कारण दोन्ही गोष्टी शिकवणुकीने आणि सवयीने साधतात.

आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास केवळ लेखनक्रियेला दिला आहे. पान आधी रेखून घ्यावे, ओळीला ओळ लागू देऊ नये, समास मोकळा सोडावा, पहिल्या अक्षरापासून ग्रंथाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकसारखे ठेवावे, असा व्यवहारी उपदेश त्यात आहे. अक्षर जन्मजात असते असे मानणारा माणूस असा उपदेश करणार नाही.

फारसी-उर्दू लेखनाच्या परंपरेतही हेच दिसते. तेथे अक्षर मोजले जाते. कलमाच्या टोकाने पाडलेला एक ठिपका हे माप धरून नस्तालीक वळणाचा अलिफ तीन ठिपके उंच काढावयाचा असतो, आणि इतर अक्षरांचीही अशीच मापे ठरलेली आहेत. रोजच्या सरावाला ‘मश्क’ म्हणतात. उस्ताद कातिबही मश्क सोडीत नसे. या दोन परंपरा आपल्या मुलुखात शेजारी शेजारी नांदल्या याची साक्ष आपली भाषाच देते. कागद, कलम, दौत, शाई, दप्तर हे सारे शब्द फारसीच्या दारातून मराठीत आले आणि इतके घरचे झाले की आज ते परके वाटत नाहीत. बोरू मात्र दोघांचाही एकच होता. मुलाच्या शिक्षणाचा आरंभ एका घरी ओनाम्याने होई, तर दुसऱ्या घरी बिस्मिल्लाने. त्यानंतर दोन्ही घरच्या मुलांच्या हाती तोच बोरू येई.

फरक इतकाच की त्या काळी ही शिकवण लेखक, कारकून आणि कातिब यांच्यापुरती होती. आज ती प्रत्येक मुलाला द्यावयाची आहे. तीही चाळीस मुलांच्या वर्गात आणि मोजक्या तासांत. म्हणून तिची रीत नीट समजून घेणे आवश्यक झाले आहे.

आधी हात, मग अक्षर

पहिली गोष्ट अशी की लेखन हे बोटांनी करावयाचे काम आहे आणि बोटे तयार झाल्यावाचून ते करवून घेणे म्हणजे कोवळ्या खांद्यावर ओझे देणे होय. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सर्व कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. त्यांना एकामागून एक कठीणपणा येत जातो आणि शेवटचे हाड त्या मार्गाला लागेपर्यंत मूल नऊ ते बारा वर्षांचे झालेले असते. तीन-चार वर्षांच्या मुलाकडून पानेच्या पाने लिहवून घेणाऱ्या बालवर्गांची आज रेलचेल आहे आणि पालकही त्यावर खूश असतात. परंतु अशी मुले पेन्सिल मुठीत घट्ट आवळून धरू लागतात आणि ती आवळलेली मूठ पुढे सहजी सुटत नाही.

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम येथे पहिले बालगृह उघडले. तेथे खरखरीत वाळूच्या कागदाची अक्षरे करून त्यांवरून मुलांना बोट फिरवावयास लावीत. अक्षराची वाट बोटाला आधी कळावी आणि पेन्सिल मागून यावी, हा त्यातील हेतू होता. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार आपल्या मातीत रुजविला. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे गवत, बिया, शिंपले, माती अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून मुलांचे हात तयार करता येतात हे दाखवून दिले. आपल्याकडील जुनी धुळाक्षरे तरी दुसरे काय होती? पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर काढण्यात कागद लागत नसे, चूक राहत नसे आणि बोटाला वाट कळत असे.

गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या वाईट अक्षराबद्दल खंत व्यक्त केली आहे. दक्षिण आफ्रिकेत तरुणांची सुंदर अक्षरे पाहून त्यांना लाज वाटली. पुढे त्यांनी सुधारण्याचा प्रयत्न केला, परंतु वेळ टळून गेली होती. त्यावरून त्यांनी असे मत मांडले की मुलाला आधी चित्र काढण्यास शिकवावे आणि मग अक्षर लिहिण्यास. पाने-फुले-पक्षी पाहून काढावे तसेच अक्षरही पाहून काढावे. १९२४ साली आपल्या बेळगावास भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, याचा आपणांस अभिमान आहे. त्यांचे हे लहानसे मतही आपल्या शाळांनी तितक्याच अभिमानाने जपले तर बरे होईल.

तेव्हा बालवर्गात पेन्सिलीची घाई करू नये. मणी ओवणे, शेंगा सोलणे, मातीचे गोळे व सळ्या वळणे, कागद बोटांनी फाडून चिकटविणे, ठिपक्यांची रांगोळी काढणे ही सारी लेखनाचीच पूर्वतयारी आहे. पुढे पाटीवर आडवी रेघ, उभी रेघ, तिरपी रेघ, अर्धगोल, पूर्ण गोल आणि गाठ एवढे सहा आकार मोकळ्या हाताने येऊ लागले म्हणजे देवनागरीचे सारे सामान मुलाच्या हाती आले असे समजावे.

बैठक आणि पकड

मूल लिहावयास बसले म्हणजे त्याचे पाय जमिनीला टेकलेले असावेत. बाक उंच असेल तर पायाखाली पाट किंवा वीट द्यावी. जमिनीवर बसणाऱ्या मुलांपुढे डेस्क किंवा उपडी पेटी ठेवावी. मांडीवर वही घेऊन चांगले अक्षर येत नाही. वही अंगापुढे सरळ न ठेवता तिचा वरचा भाग किंचित डावीकडे कललेला असावा आणि डाव्या हाताने ती धरून ठेवावी.

पेन्सिल अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरावी. मधले बोट तिला खालून आधार देते. बोटे टोकापासून सुमारे एक इंच वर असावीत. पकड सैल आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी, की लिहिताना शिक्षकाने मागून हलकेच पेन्सिल ओढावी. ती सहज निघून आली तर पकड बरोबर. फार आखूड पेन्सिल मुलाला देऊ नये, कारण ती धरण्यासाठी बोटे आखडावीच लागतात. गरीब घरी तुकडा संपेपर्यंत वापरतात. त्या तुकड्याला कागदाची नळी गुंडाळून त्याची लांबी वाढवावी.

अक्षरांची घराणी

वर्णमाला उच्चाराच्या क्रमाने लागलेली आहे आणि तो क्रम शास्त्रीय आहे. परंतु उच्चाराला जे सोपे ते हाताला सोपे असतेच असे नाही. क हे पहिले व्यंजन खरे, पण ते काढण्यास गोल, दांडा आणि बाहेर वळणारा आकडा अशी तीन कामे करावी लागतात. म्हणून आपल्याकडे ग, म, भ, न या क्रमाने मुलांना लिहिण्यास शिकविण्याची जी पद्धत रूढ आहे तीच योग्य होय. या चारही अक्षरांत उभा दांडा आणि त्याच्या डावीकडे लहान गाठ आहे. हाताला एक हालचाल साधली की चार अक्षरे साधतात. शिवाय या चार अक्षरांतून मग, मन, नग, गगन, नमन असे शब्द लगेच तयार होतात आणि आठवडाभरात मूल अर्थ असलेले काहीतरी लिहू लागते.

पुढची घराणी अशीच लावावीत. र, स, ख हे एक घराणे. व, ब, क दुसरे. प, ष, फ तिसरे. ट, ठ, ढ, द चौथे. ड, इ, ई, झ पाचवे. एका घराण्यातील अक्षरे एकत्र शिकविली तरी सहज गोंधळ होणाऱ्या जोड्या एकाच दिवशी देऊ नयेत. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ यांतील एक अक्षर पक्के झाल्यावर मगच दुसरे द्यावे आणि त्यांतील फरक बोट ठेवून दाखवावा. ध, भ, थ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. ती सरसकट ओढली की ध चा घ आणि भ चा म झालाच म्हणून समजावे. ख चे दोन पाय खाली जोडले नाहीत तर वाचणारा त्याला ‘रव’ वाचतो.

याहून महत्त्वाची गोष्ट हालचालीच्या दिशेची आहे. उभा दांडा नेहमी वरून खाली, आडवी रेघ डावीकडून उजवीकडे, आणि व चा गोल दांड्यापासून निघून डावीकडे वळून पुन्हा दांड्याशी यावयाचा. पुष्कळ मुले दांडा खालून वर काढतात किंवा ठ चा गोल उलटा फिरवितात. कागदावर उमटलेले अक्षर पाहून हा दोष कळत नाही. अक्षर नेटके दिसते आणि शिक्षक त्यावर बरोबरची खूण करून पुढे जातात. परंतु वाट चुकीची असल्यामुळे वेग वाढला की अक्षर मोडते. आरंभी सांगितलेला तिसरी-चौथीतील मागे पडणारा मुलगा पुष्कळदा हाच असतो. म्हणून पहिलीच्या शिक्षकाने वही तपासण्यापेक्षा चालता हात तपासावा. मुलांच्या रांगांतून फिरत, मूल लिहीत असतानाच पाहावे. हा आमच्या सांगण्याचा मुख्य मुद्दा आहे.

काना, मात्रा, वेलांटी यांतही क्रम आहे. प्रथम काना द्यावा; राम, मामा, नाग, राग हे शब्द लगेच येतात. वेलांट्यांत दुसरी वेलांटी आधी द्यावी, कारण ती अक्षरानंतर येते आणि बोलण्याच्या क्रमाने लिहिता येते. पहिली वेलांटी उच्चारात मागून येते पण कागदावर पुढे बसते. ‘कि’ लिहिताना मूल साहजिकच क आधी काढते आणि मग डावीकडे जागा उरत नाही. येथे मुलाला रागावण्याचे कारण नाही. अडचण लिपीची आहे. पहिली वेलांटी आधी काढून मग तिच्या छायेत अक्षर बसविण्याचा स्वतंत्र सराव काही दिवस द्यावा. डोक्यावरची रेघ शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच डावीकडून उजवीकडे ओढावी. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ मारून तिला अक्षरे लटकवीत. बाळबोध वळणात तसे केल्यास ध, भ यांची पंचाईत होते.

आणखी एक लहानसा घोटाळा सीमाभागात विशेष जाणवतो. ल आणि श ही अक्षरे मराठी छपाईत एका वळणाची, तर हिंदी छपाईत दुसऱ्या वळणाची असतात. मराठीचा ल पाकळीचा, हिंदीचा दांड्याचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीची लिपी व वर्णमाला ठरवून दिली आणि २०२२ साली त्या निर्णयात सुधारणा केली. तथापि मुलाच्या डोळ्यांपुढे फलक, मोबाईल आणि पुस्तके यांतून दोन्ही रूपे येतच राहतात. वर्गात लिहिण्यासाठी एकच रूप ठरवावे आणि दुसरे वाचता आले की पुरे मानावे.

गिरविणे आणि लिहिणे

‘कित्ता गिरविणे’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचारच झाला आहे. हल्ली ठिपक्यांच्या अक्षरांवरून पेन्सिल फिरविण्याच्या रंगीत वह्या बाजारात फार आल्या आहेत. आरंभी वाट दाखविण्यासाठी गिरविणे उपयोगी आहे. पण तेवढ्यावर थांबणे योग्य नाही. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अद्याप वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरे तीन प्रकारांनी दिली होती : मोकळ्या हाताने लिहून, गिरवून आणि कळफलकावर दाबून. नंतर तीच अक्षरे पाहताना मेंदूचे चित्रण केले, तेव्हा वाचनासाठी लागणारे मेंदूचे भाग मोकळ्या हाताने लिहिलेल्या अक्षरांच्या वेळी विशेष जागे झालेले दिसले. मोबाईल आणि संगणक यांच्या काळात हस्ताक्षर हवे कशाला, असे विचारणाऱ्यांना यात उत्तर आहे. लिहिणारा हात वाचणाऱ्या डोळ्यालाही शिकवीत असतो. आणि अक्षर थोडे वाकडे आले तरी चालेल, पण ते मुलाने स्वतः काढलेले असावे, हाही बोध यातून घेता येतो.

म्हणून आम्ही असा क्रम सुचवितो. शिक्षकाने फळ्यावर अक्षर मोठे काढावे आणि काढताना हालचाल तोंडाने सांगावी : ‘खाली, वळा, गाठ, दांडा’. मुलांनी ते हवेत हात फिरवून काढावे. मग बाकावर बोटाने, मग पाटीवर, दोन-तीन वेळा गिरवून आणि लगेच शेजारी मोकळ्या हाताने. त्यानंतर पाटी पुसून आठवणीने. शेवटी वहीत एक किंवा दोन ओळी. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरेत. त्यापुढे बोटे दमतात आणि दमलेली बोटे वाईट सवयी लावून घेतात.

एकच ओळ पानभर लिहिण्याची पुस्ती अनेकांच्या आठवणीत असेल. त्या पानाकडे नीट पाहिले तर एक गंमत दिसते. पहिली ओळ चांगली, पाचवी बेताची आणि दहावी सर्वांत वाईट. कारण मूल वरचा नमुना पाहून लिहीत नाही. नुकत्याच लिहिलेल्या आपल्याच ओळीची नक्कल करते आणि प्रत्येक ओळीत मागच्या ओळीचे दोष वाढत जातात. उपाय सोपा आहे. नमुना दर तिसऱ्या ओळीला द्यावा, ओळी थोड्या घ्याव्यात, आणि शेवटी मुलाने स्वतःच आपल्या अक्षरांतील सर्वांत चांगल्या अक्षराभोवती गोल काढावा. चांगले कोणते हे मुलाच्या डोळ्याला कळू लागले की अर्धे काम झाले.

एक मूल, तीन-चार लिप्या

आपल्या भागातील मुलाचे ओझे पुण्या-साताऱ्याच्या मुलापेक्षा अधिक आहे. मराठी शाळेतही त्याला कन्नड शिकावी लागते, इंग्रजी लवकर सुरू होते, आणि मुसलमान घरचे मूल असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी मकतबात अलिफ-बेही असते. भाषा मुलाला जड होत नाहीत. बाजारात आणि गल्लीत तो त्या सहज उचलतो. जड होते ते लिपीचे रेघेशी असलेले नाते, आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकते. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभे राहते आणि त्याच्या काही काठ्या वर, काही शेपट्या खाली जातात. कन्नड अक्षर वाटोळे असून डोक्यावर लहानशी तलकट्टूची खूण घेऊन खालच्या रेघेवर बसते. उर्दू अक्षर उजवीकडून डावीकडे चालते आणि नस्तालीक वळणात शब्द उतरत्या पायरीने रेघेवर येतो. सहा-सात वर्षांच्या मुलाने एकाच दिवसात चार वेगवेगळ्या सवयी पाळाव्यात, आणि त्याही एकाच प्रकारच्या वहीत, अशी आपली अपेक्षा असते. अंकांचाही असाच प्रकार आहे. मराठी एक आणि इंग्रजी नऊ, मराठी चार आणि इंग्रजी आठ यांची रूपे इतकी जवळची आहेत की चांगले हुशार मूलही बेरजेत फसते. अशी चूक दिसली तर ती गणिताची आहे की अंकाच्या रूपाची, हे आधी तपासावे.

यावर उपाय तीन. एक, ज्या लिपीत मूल प्रथम शिकते ती काही महिने एकटीच घट्ट करून घ्यावी आणि दुसरी लिपी तोवर तोंडी व वाचनापुरती ठेवावी. दोन, एका दिवशी एकाच लिपीचा हस्ताक्षराचा सराव घ्यावा. तीन, प्रत्येक लिपीची वही निराळी असावी : मराठीला दुरेघी, इंग्रजीला चाररेघी. चाररेघी वहीत मराठी लिहावयास लावले तर अक्षर कोणत्या रेघेला लटकावे हेच मुलाला कळत नाही.

डावखुरी मुले

डाव्या हाताने लिहिणारे मूल दिसले की घरी आणि शाळेत पेन्सिल उजव्या हातात देण्याची घाई होते. जेवताना उजवा हात वापरण्याचा शिष्टाचार हिंदू व मुसलमान दोन्ही घरांत आहे आणि तो जरूर पाळावा. परंतु जेवण्याचा हात आणि लिहिण्याचा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाने लिहिण्यासाठी जो हात आपणहून पुढे केला तोच त्याचा हात होय. तो बळेच बदलल्याने मूल दोन्हीकडून अडखळते.

डावखुऱ्याचा हात लिहिलेल्या मजकुरावरून सरकतो आणि अक्षर पुसले जाते, अशी एक तक्रार असते. ती खरी आहे. परंतु उर्दू लिहिणाऱ्या उजव्या हाताची अवस्था नेमकी हीच असते, कारण ती लिपी उजवीकडून डावीकडे जाते. तरीही उजव्या हाताच्या कातिबांनी शतकानुशतके डोळे निवतील अशी अक्षरे लिहिली आहेत. तेव्हा अडचण अशी नाही की जिच्यावर उपाय नसावा. डावखुऱ्या मुलाची वही उजवीकडे कललेली ठेवावी, हात ओळीच्या खाली राहील असे शिकवावे, पेन्सिल थोडी वर धरावयास सांगावी आणि त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी त्याची टक्कर होणार नाही.

रागावण्याने अक्षर सुधारत नाही

पूर्वी वाईट अक्षराबद्दल बोटांवर पट्टी बसत असे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा देणे व मानसिक त्रास देणे निषिद्ध केले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या बोटांकडून नाजूक काम करून घ्यावयाचे त्यांनाच दुखापत करणे हे शहाणपणाचे नव्हे. वही फाडणे, पान सर्वांपुढे उंच धरून हसणे ही देखील शिक्षाच आहे. मूल मग कमी लिहू लागते, आणि कमी लिहिल्याने अक्षर आणखी बिघडते.

काही थोडी मुले अशी असतात की नीट शिकवूनही त्यांचे लेखन लागत नाही. अक्षरे उलटी येतात, ओळ सुटते, बोललेले कागदावर येत नाही. अशा वेळी प्रथम डोळे तपासून घ्यावेत. पुष्कळदा चष्म्यानेच प्रश्न सुटतो. तरीही अडचण राहिली तर तज्ज्ञांना दाखवावे. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही गोष्ट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झाली असून अशा मुलांना सवलती मिळू शकतात. त्यांना आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

न्यासाकडे विनंती

लेख संपविण्यापूर्वी न्यासाच्या चालकांपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, वह्यावाटपात पहिली-दुसरीच्या मुलांना एकरेघी वह्यांऐवजी दुरेघी वह्या द्याव्यात. खर्चात फारसा फरक पडत नाही आणि उपयोगात फार पडतो. दुसरी, त्यांच्यासाठी वहीबरोबर एक पाटीही द्यावी. पाटी आज घराघरांतून नाहीशी झाली आहे. परंतु चूक पुसून पुन्हा लिहिण्याचे धैर्य तीच देते, आणि तिच्या खरखरीतपणामुळे बोटांना आवर बसतो. तिसरी, आपल्या समाजात निवृत्त शिक्षक, कारकून, पोस्टातील व कचेरीतील मंडळी पुष्कळ आहेत, ज्यांचे अक्षर आजही पाहत राहावे असे आहे. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस, तासभर न्यासाच्या सभागृहात बसावे आणि ज्या मुलांच्या घरी हात धरणारे कोणी नाही त्यांचा हात धरावा. अशा मंडळींना वर लिहिलेली रीत सांगण्यास आम्ही व आमचे सहशिक्षक केव्हाही येऊ.

न्यासाने आजवर दिलेल्या वह्यांची गणती हिशेबाच्या वह्यांत असेलच. यापुढे त्या वह्यांची पाने वर्षअखेरीस एकदा उघडून पाहिली जावीत आणि त्यांवरील अक्षर जूनपेक्षा मार्चमध्ये अधिक मोकळे झालेले दिसावे, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.